गव्हाच्या पाण्यात आक्कांचे पाय

आक्का, तुम्ही गेलात आणि पाठोपाठ थंडी पडली. दहाव्याला आलेल्या बायका ओसरीवर पाय पोटाशी घेऊन, शाली पांघरून बसल्या होत्या. आल्या होत्या रडायला. पण कुणीतरी तुमच्या कांद्याची आठवण काढली आणि बघता बघता सगळ्या हसायला लागल्या. मीही हसले. थोरल्या जावेच्या दहाव्याला धाकटी जाऊ तोंडाला पदर लावून हसतेय, हे बघायला तुम्ही असायला हव्या होतात. तुम्हाला आवडलं असतं.

मी अंगणवाडीत शिकवते म्हणून मला लिहिता येतं असा आपल्या घरातल्यांचा समज आहे. आक्कांवर चार शब्द लिही म्हणून सगळे मागे लागलेत. तुमचा जन्म, तुमचं माहेर, मागे कोण कोण राहिलं, हे पेपरात छापून झालं. मला ते परत सांगायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि आपलं बोलणं हिवाळ्यात तरी पायांवरूनच सुरू व्हायचं.

मी भिंगारची. मोजे घालून सायकलवर कॉलेजला जाणारी. लग्न होऊन शेवगावच्या पुढे, या काळ्या रानात आले तेव्हा हिवाळा होता आणि गव्हाचं पाणी चालू होतं. मोटारीला लाईट पहाटेची. घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या वाफ्याचं उघडायचं. विहिरीचं पाणी पाइपातून पडताना कोमट लागतं. मला वाटलं, हे तर सोपं आहे. पण तेच पाणी वाफ्याच्या टोकाला पोचेपर्यंत असं गार होतं, की घोट्याखाली आपल्याला पाय आहेत की नाहीत ते खाली बघून ठरवावं लागतं.

आठवडाभरात माझ्या पायाची बोटं सुजली. लाल झाली, मग जांभळट. रानात काही वाटायचं नाही, पण घरात येऊन गोधडीत शिरलं की अशी खाज सुटायची, अशी आग व्हायची, की जीव नको व्हायचा. मला वाटलं, काहीतरी वाईट रोग झालाय. नव्या नवरीनं सांगायचं कुणाला? मी साडी खाली ओढून पाय झाकत फिरत होते.

तुम्ही पकडलंत ते चुलीपुढं. मी एका हातानं भाकरी फिरवत होते आणि दुसऱ्या हातानं चिमट्याचं टोक बोटांच्या मधे घालून खाजवत होते.

"मंगल, त्यो चिमटा भाकरीला लावायचाय का पायाला?" तुम्ही विचारलंत.

मी चिमटा खाली ठेवला आणि पाय साडीत ओढून घेतला.

"दाव पाय."

"काही नाही आक्का."

"दाव म्हनते ना."

मी पाय पुढं केला. तुम्ही तो सरळ मांडीवर घेतलात. माझ्या आईनंसुद्धा मी मोठी झाल्यावर माझा पाय असा मांडीवर घेतला नव्हता. बोटं उलटीसुलटी करून तुम्ही बघितलीत आणि म्हणालात, "गारठ्यानं धरलंय. शहराचं कातडं. मरत न्हाईस."

त्या संध्याकाळी तुम्ही जे केलंत ते मला पाठ आहे. आधी जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक बोट टिपून कोरडं केलंत. घासायचं नाही, टिपायचं, असं दोनदा बजावलंत. मग करडईचं तेल लसूण आणि ओवा टाकून कढवलंत, खाली उतरवून कोमट होऊ दिलंत, आणि बोटावर नुसतं फिरवलंत. वर मऊ कापड, त्याच्यावर घोंगडीचा तुकडा. मला बरं वाटायला लागलं, डोळे मिटायला लागले. आणि तेवढ्यात तुम्ही निखाऱ्यात भाजलेला कांदा कापून माझ्या करंगळीला बांधलात.

आक्का, ती आग मी अजून विसरले नाही. मी ओरडले. तुमचे दीर, म्हणजे माझे मालक, बाहेरून आले आणि दारातच हुंगत म्हणाले, "भजी चालल्यात का?"

सूज उतरत गेली. तुम्ही गावभर सांगितलंत की कांद्यानं उतरली. मी म्हणाले, कोरडं ठेवल्यानं आणि उबेनं उतरली, कांद्याचा काही संबंध नाही. आपला तो वाद तिथं सुरू झाला आणि आजतागायत मिटलेला नाही. पुढच्या हिवाळ्यात मी पुरावा काढला. दोन्ही पाय सुजले होते. डाव्याला कांदा लावू दिला, उजव्याला नाही. बाकी सगळं सारखं. दोन्ही पाय बरोबरीनं बरे झाले. मी पाय लांब करून तुमच्यापुढं बसले आणि म्हणाले, "आता बोला."

तुम्ही जराही न गडबडता म्हणालात, "डाव्याची हवा उजव्याला लागली."

पुढं मी अंगणवाडीत लागले, आरोग्याचं ट्रेनिंग घेतलं, पण अशी हवा तिथंही कुणी शिकवली नाही.

मग मी गमबुटांवर आले. माझं म्हणणं सोपं होतं. पाय भिजलेच नाहीत तर सुजणार कशाला? माझे मालक घोडेगावच्या बाजाराला म्हैस बघायला निघाले होते, त्यांना मी येताना गमबूट आणायला सांगितले. म्हैस पसंत पडली नाही. ते गमबूट घेऊन आले. तुम्ही ते काळे बूट ओसरीवर बघितलेत आणि विचारलंत, "दूध किती देत्यात?"

मी ते घालून रानात जायला लागले की तुम्ही पोराबाळांना हाका मारून मला दाखवायच्या. हत्ती आला म्हणायच्या. मी लक्ष दिलं नाही. पण एकदा मी तापानं आठ दिवस घरात होते, आणि बरी होऊन बूट घालायला गेले तर आतून ओले. पाय घातला तर काहीतरी टोचलं. बूट उलटा केला आणि त्यातून तुमचं जोडवं पडलं.

मी ते तळहातावर ठेवून तुमच्यापुढं धरलं. तुम्ही पीठ मळत होता. मान वर न करता म्हणालात, "मांजरानं न्हेलं आसंल."

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेली नाही. गारठलेले पाय तुम्ही थेट चुलीच्या तोंडाशी लावून बसायच्या. गारठलेल्या कातड्याला एकदम शेक द्यायचा नाही, हे मी ट्रेनिंगला ऐकलं होतं. हळूहळू ऊब द्यायची, नाहीतर आग आणि सूज वाढते, कातडं भाजतं. मी सांगायचे, तुम्ही म्हणायच्या, "जल्म गेला माजा चुलीपुढं. चूल मला भाजंल व्हय?"

मग तुम्हाला साखरेचा त्रास सुरू झाला. गोळ्या घ्यायच्या, विसरायच्या. चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं लागतंय, असं तुम्ही एकदा सहज बोलून गेलात आणि मी ते ऐकून ठेवलं. त्याच हिवाळ्यात, कांद्याच्या रानाला पाणी देऊन आल्यावर, तुम्ही नेहमीसारख्या चुलीशी पाय लावून बसला होता. आपण माझ्या लेकीच्या स्थळाबद्दल बोलत होतो. मला भाजल्याचा वास आला. बघितलं तर तुमच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर टपोरा फोड आलेला, आणि तुम्ही बोलतच होता. तुम्हाला काही कळलंच नव्हतं. आधी सुजलेलं बोट, त्यावर ते भाजणं.

मी म्हणाले, डॉक्टरकडं. तुम्ही म्हणालात, हळद आणि कोरफड. मी म्हणाले, ही तशी जखम नाही आक्का, साखर आहे तुम्हाला. तुम्ही म्हणालात, "येक बोट तर हाय. नऊ ऱ्हात्यात."

मग मात्र माझा आवाज चढला. या घरात मी मोठ्यानं कधी बोलले नव्हते. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. तुम्ही हट्टानं भिंतीकडं तोंड करून बसलात.

बाहेर ओट्यावर दादा होते. तुमचे मालक, माझे थोरले दीर, ज्यांना आपण सगळेच दादा म्हणतो. आपल्याकडची रीत अशी की धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही. घरात येताना ते खाकरायचे, मी पदर सारखा करायचे, आणि जे काही सांगायचं ते तुमच्यामार्फत. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी माझं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. ते उठून दारात आले.

"मंगल म्हनती तसं हुईल," ते म्हणाले. "मी गाडी काडतो."

तुम्ही भिंतीकडचं तोंड वळवून आधी त्यांच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं, आणि निमूट उठलात.

शेवगावच्या डॉक्टरीणबाई वयानं आपल्या पोरींएवढ्या होत्या. त्यांनी जखम साफ केली, औषध दिलं, आणि मग खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसल्या, घरी काय काय करता ते विचारलं. थंडीनं बोटं सुजण्याला त्यांनी चिलब्लेन म्हटलं. तुम्ही तिथल्या तिथं त्याचं चिलबिल केलंत. त्या म्हणाल्या, "कोरडं ठेवणं, सैल लोकरी मोजे, हळूहळू ऊब, हे तुमचं बरोबर आहे. तेल लावायचं तर कातडं धड असेल तिथंच, आणि बोटांच्या बेचक्यात नाही. पण फुटलेल्या कातड्याला घरातलं काही लावायचं नाही. आणि आजपासून तुम्ही चुलीला पाय लावायचे नाहीत. तुमच्या पायाला आता कळत नाही."

"आन् कांदा?" तुम्ही विचारलंत.

"कांदा पोह्यात घाला," बाई म्हणाल्या.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी छताकडं बघत होते.

बोट वाचलं, आक्का. दवाखान्यात यायला-जायला बरेच दिवस गेले, पण वाचलं. त्या पहिल्याच दिवशी बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. रोज सकाळी तुमचे तळपाय आणि बोटं कुणीतरी नीट बघायची. काटा रुतला, भेग पडली, लाल झालं, तर तुम्हाला समजणार नाही, बघणाऱ्याला दिसेल. मी म्हणाले, मी बघेन. पण बाईंनी दादांकडं बघितलं. "सकाळी तुम्ही घरीच असता ना, काका?"

दादा खिडकीतून बाहेर बघायला लागले. बायकोच्या पायाला हात लावायचा, तोही रोज? मला खात्री होती की हे काम माझ्याकडंच येणार.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या खोलीशी चहा घेऊन आले, तर दार अर्धं लोटलेलं. तुम्ही खाटेवर बसलेल्या. दादा खाली पाटावर, डोळ्यांवर चष्मा, हातात बॅटरी, आणि तुमचा पाय त्यांच्या मांडीवर. कांद्याचं रोप जसं ते बोटांनी बाजूला सारून मुळाशी बघतात, तसं एकेक बोट सारून बघत होते. तुम्ही पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"अवो, गुदगुल्या व्हत्यात," तुम्ही म्हणालात.

"व्हऊ दे. व्हत्यात म्हंजी कळतंय तरी," दादा म्हणाले आणि दुसरा पाय घेतला.

मी चहा घेऊन तशीच मागं फिरले. चहा गार झाला, पण त्या दिवशी मी तुम्हाला हाक मारली नाही.

पुढं ते रोजचंच झालं. दार लोटायचं, बॅटरीचा उजेड, आणि थोड्या वेळानं दादांचा आवाज, "ठीक हाय." तुमच्या लग्नानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी सगळ्यात जास्त बोललात ते याच काळात, असं तुम्हीच मला सांगितलंत. पायापासून सुरू व्हायचं आणि कुठल्या कुठं जायचं. दादांना लहानपणी गाणं शिकायचं होतं, हे तुम्हाला त्या पाटावर कळलं. मला सांगताना तुम्ही लाजला होता. नातवंडं झालेली बाई, आणि कानाच्या पाळ्या लाल.

मग आपल्या बचत गटाच्या बायकांनी मनालीची सहल काढली. आयुष्यात एकदा बर्फ बघायचा, असं तुम्ही बोलून बसलात. डॉक्टरीणबाईंनी अटी घातल्या, लोकरी मोजे, कोरडे बूट, बर्फात थोडाच वेळ, आणि रोज पाय बघायचे. ते काम आता माझ्याकडं आलं. दादांनी स्टँडवर निरोप देताना माझ्या हातात बॅटरी दिली. 

तिथं रोज सकाळी माझा मोबाईल वाजायचा. फोनवर समोरासमोर नसतं, म्हणून रीत आड येत नसावी.

"तिकडं थंडी कशी हाय?" दादा विचारायचे.

"लई आहे, दादा."

मग, "आन् बाकी?"

"बाकी बघितलं, दादा. दाहीच्या दाही नीट आहेत."

"बरं," म्हणून फोन बंद. तुम्ही शेजारी बसून सगळं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बायकूची चवकशी करायला थंडी मधी घालतुया मानूस."

हॉटेलातली ती सुरतेची नवी नवरी आठवते का? बर्फात पातळ बूट घालून खेळली होती. दुपारी जेवणाच्या खोलीत आली ती रडतच, बोटं सुजून लाल. आणि तिचा नवरा तिचे पाय हिटरला लावायला निघाला होता. तुम्ही ताटावरून उठलात.

"हटाव, हटाव," तुम्ही त्याला म्हणालात. "शेक मत दे. पहले पुसो. रगडो मत, टिपो."

त्या पोरीला टिपो म्हणजे काय ते समजेना, म्हणून तुम्ही खाली बसून करून दाखवलंत. स्वतःच्या पिशवीतले कोरडे मोजे तिला घातलेत, शाल गुंडाळलीत, हळूहळू ऊब येऊ दिलीत. आणि एवढं झाल्यावर कमरेवर हात ठेवून सांगितलंत, "आग के सामने पाव कब्बी नई रखना. चमडी जलता है, मालूम नई पडता. ये हमारे घरकी पुरानी विद्या है."

आपल्या गटातल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी वरण-भात खात राहिले.

खोलीवर आल्यावर तुम्ही विचारलंत, "तू काय बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं होतं?"

"काय न्हाई," तुम्ही म्हणालात, आणि मोजे काढून पाय माझ्या मांडीवर ठेवलेत. बर्फातून आल्यावर पाय बघायचे ठरलं होतं म्हणून ठेवलेत, की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या पहिल्या हिवाळ्यात, ज्या संध्याकाळी तुम्ही माझ्या हातातला चिमटा बघितलात, त्या दिवशी माझी पिशवी भरून तयार होती. सकाळच्या गाडीनं भिंगारला जायचं आणि परत यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तो गारठा, ते पाणी, कुणाशी बोलायची सोय नाही, मला सोसवत नव्हतं. मग तुम्ही पाय मांडीवर घेतलात. कांद्यानं आग आग झाली, मी ओरडले, तुम्ही हसलात, मी रडता रडता हसले. सकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा तुम्ही माझी पट्टी सोडून सूज बघत होता. गाडी गेली. पिशवी मी हळूच रिकामी केली. सूज कशानं उतरली यावर आपण आयुष्यभर भांडलो, पण मी का राहिले यावर भांडायची वेळ आली नाही, कारण तुम्हाला ते माहीतच नव्हतं. आता सांगते. सांगायला उशीर झाला, पण त्याचं मला फार वाईट वाटत नाही. इतकी वर्षं मी रोज तुमच्या शेजारी भाकरी थापली, तुम्हाला कळलंच असेल.

आता दादांचं सांगते. तुम्हाला तेच आधी हवं असणार.

त्यांना घरात बसवत नाही. पोरांनी नको म्हटलं तरी पहाटे उठून गव्हाला पाणी द्यायला जातात. अनवाणी. कुणी काही बोललं की ऐकू आलं नाही असं दाखवतात. काल सकाळी मी चुलीपाशी होते तेव्हा दारात खाकरण्याचा आवाज आला. मी पदर सारखा केला. नेहमी खाकरून ते पुढं निघून जातात. काल गेले नाहीत.

"मंगल," ते म्हणाले.

"काय दादा?"

"बोटं लई खाजत्यात. मला वाकून दिसंना."

मी खुर्ची ओढून दिली आणि समोर खाली बसले. त्यांनी पाय पुढं केला, पण जमिनीवरच ठेवला. "आसूं दे, लांबूनच बघ," म्हणाले.

"लांबून मला दिसत नाही, दादा. मलाही चष्मा लागलाय."

त्यांनी पाय उचलला. आक्का, सणावाराला वाकून नमस्कार करताना माझी बोटं त्या पायांना लागली असतील, तेवढीच. मी तो मांडीवर घेतला. करंगळी आणि शेजारचं बोट लाल झालं होतं, सुजलं होतं. कातडं फुटलेलं नव्हतं. मी टिपून कोरडं केलं, कोमट तेल वरून फिरवलं, माझ्या मालकांचे लोकरी मोजे चढवले. दादा सगळा वेळ वर कौलांकडं बघत होते.

"तिला लाज वाटायची," ते म्हणाले. "मी म्हनायचो, कशाची लाज? आज कळलं."

मला हसू आलं. त्यांनी खाली बघितलं, मी हसतेय हे त्यांना दिसलं, आणि मग तेही हसले. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मी दुसरा पाय मागितला. या वेळी त्यांनी तो आपणहून वर ठेवला.

झाल्यावर उठून दारापर्यंत गेले, आणि दवाखान्यात विचारतात तसं वळून विचारलं, "उद्या यायचं का?"

"रोज यायचं," मी म्हणाले.